खाली पहारा, वर पंगत : आयर्लंडचा बनरॅटी कॅसल

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे शॅनन विमानतळावर उतरून लिमरिक शहराच्या दिशेने निघालं की वाटेतच, हमरस्त्याच्या जवळ, करड्या दगडाची एक चौकोनी आणि उंचच उंच इमारत दिसते. चार कोपऱ्यांना चार मनोरे, मध्ये भरभक्कम भिंत, आणि समोरच्या बाजूला दोन मनोऱ्यांना वरच्या अंगाला जोडणारी एक मोठी कमान. हा काउंटी क्लेअरमधला बनरॅटी कॅसल.

'कॅसल' म्हटलं की आपल्या मनात किल्ला उभा राहतो. लांबलचक तट, शिबंदी, दारूगोळ्याची कोठारं, राजाने नेमलेला किल्लेदार. हे सगळं मनात धरून बनरॅटी पाहिला तर कोडं सुटत नाही. एवढ्याशा जागेत किती फौज मावणार? तट कुठे आहे? आणि सगळ्यात प्रशस्त, सगळ्यात देखणी खोली एवढ्या वरच्या मजल्यावर कशासाठी? हे एका मातब्बर घराण्याचं राहतं घर होतं, एवढं लक्षात घेतलं की मग इमारतीतली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसते.

आयर्लंडमध्ये अशा घरांना 'टॉवर हाऊस' म्हणतात. साधारण १४०० ते १६५० या अडीचशे वर्षांत ती तिथे हजारोंनी बांधली गेली. अभ्यासकांचे अंदाज तीन हजार आणि त्याच्याही पुढे जातात. क्लेअर, लिमरिक, गॉलवे, टिपररी, कॉर्क या भागांत तर एका मनोऱ्यावरून दुसरा दिसावा इतकी दाटी होती. आपल्याकडच्या देशमुख-पाटलांची गढी डोळ्यांसमोर आणा. राहत्या वाड्यालाच बुरूज आणि जाड भिंत देऊन उभी केलेली. आयरिश सरदारांनी तेच केलं, फक्त वाडा आडवा न पसरता उभा चढवला. बनरॅटी हा त्यांतला खूप मोठा आणि श्रीमंत नमुना. बहुतेक टॉवर हाऊस याच्यापेक्षा लहान, एकच मनोरा असलेली आणि साधी होती.

भीती कोणाची होती?

बनरॅटीची जागा मोक्याची आहे. एक लहान नदी इथे शॅननच्या खाडीला मिळते. खाडीतून गलबत लिमरिकपर्यंत जातं आणि लिमरिक म्हणजे पश्चिम आयर्लंडचं मोठं बंदर. त्यामुळे या जागेवर सगळ्यांचा डोळा. तेराव्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट द म्युसग्रोस या इंग्रज-नॉर्मन सरदाराने इथे पहिली गढीवजा वस्ती केली. १२७६ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने हा सगळा थॉमंड प्रांत टॉमस द क्लेअरला देऊन टाकला आणि त्याने इथे दगडी किल्ला बांधला. राजाने कागदावर प्रांत दिला, पण त्या प्रांतात ओ'ब्रायन हे जुनं राजघराणं आणि त्यांचे मॅकनमारा सरदार आधीपासून नांदत होते. त्यांना विचारलं कोणी नव्हतं. टॉमस १२८७ मध्ये लढाईत पडला. त्याचा मुलगा रिचर्ड १० मे १३१८ रोजी डिझर्ट ओ'डे इथल्या लढाईत मारला गेला. आयरिश बखरीत असं आहे की ही बातमी कळताच रिचर्डच्या बायकोने स्वतःच बनरॅटीला आग लावली आणि ती जहाजातून निघून गेली. पुढे इंग्रजांनी तो पुन्हा ताब्यात घेतला, १३३२ मध्ये आयरिश सरदारांनी तो उद्ध्वस्त केला, १३५३ मध्ये टॉमस द रोकबी याने याच परिसरात पुन्हा बांधकाम केलं आणि दोनच वर्षांत तेही आयरिश लोकांच्या हाती पडलं.

आज उभी आहे ती इमारत यांच्यापैकी कोणाचीच नाही. ती साधारण १४२५ च्या सुमारास मॅकनमारांनी बांधायला घेतली. मला हा बनरॅटीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण 'आयर्लंडमधले कॅसल म्हणजे परक्यांनी बांधलेले' ही समजूत इथे मोडते. टॉवर हाऊस बांधणाऱ्यांत जुनी आयरिश घराणी होती, दोन-तीन शतकं तिथे राहून आयरिश भाषा आणि चालीरीती उचललेली नॉर्मन घराणी होती, आणि गॉलवेसारख्या गावांत तर व्यापारीही होते. गॉलवेच्या भरबाजारातला लिंच घराण्याचा मनोरा आजही पाहता येतो. त्यात आता बँक आहे.

पंधराव्या शतकातच हे पीक एवढं का आलं? १३४८ मध्ये आलेल्या प्लेगने आयर्लंडमधल्या इंग्रजी वसाहतींचं, विशेषतः गावांचं, कंबरडं मोडलं. इंग्लंडचे राजे फ्रान्सशी लढण्यात आणि नंतर आपसांतल्या यादवीत गुंतले. डब्लिनच्या भोवतालचा एक पट्टा सोडला तर राजाचा हुकूम चालेनासा झाला. प्रत्येक खोऱ्याचा एक धनी, त्याचे दोन-चार पिढ्यांचे वैरी, आणि भांडण मिटवायला वर कोणी नाही, अशी स्थिती. दुसरीकडे कातडी, लोकर, मासे यांचा व्यापार वाढत होता, स्पेन-फ्रान्सची दारू किनाऱ्यावर उतरत होती, आणि सरदारांच्या हाती पैसा खुळखुळत होता. पैसा आहे आणि संरक्षण मात्र ज्याने त्याने आपलं करायचं, मग जो तो दगड रचायला लागला.

खुद्द राजाच्या पट्ट्यातही हीच भीती होती. १४२९ साली सहाव्या हेन्रीच्या राज्यात एक ठराव झाला: डब्लिन, मीथ, किल्डेअर आणि लाउथ या काउंटींमध्ये जो कोणी दहा वर्षांच्या आत किमान २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच मनोरा बांधेल त्याला १० पौंड मिळतील. मापं नीट पाहा. पाया आपल्या दोन मध्यम खोल्यांएवढा आणि उंची मात्र चार मजल्यांची. टॉवर हाऊस म्हणजे काय ते या एका ओळीत आलं. पूर्वी काही इतिहासकार म्हणत की या अनुदानामुळेच मनोऱ्यांची लाट आली. ते आता फारसं कोणी मानत नाही. हे बांधकाम आधीच सुरू झालेलं होतं आणि सगळ्यात जास्त मनोरे तर जिथे हे पैसे मिळतच नव्हते त्या पश्चिम-दक्षिण भागात आहेत.

आता ही भीती नेमकी कसली, ते समजून घेऊ. त्या काळच्या आयर्लंडमध्ये संपत्ती म्हणजे गुरं. दंड गुरांत, खंडणी गुरांत, लग्नातलं देणंघेणं गुरांत. साहजिकच लढाईचा नेहमीचा प्रकार म्हणजे शेजाऱ्याच्या मुलखात घुसून गुरं हाकून आणणं. नवा नायक गादीवर बसला की त्याने अशी एक धाड घालून आपली धमक दाखवावी, ही रीतच होती. अशा धाडीत तोफा नसत, शिड्या नसत, महिनाभर वेढा घालून बसायला शिधाही नसे. काही तासांत काम उरकून पळायचं, कारण तोवर त्या मुलखातली माणसं गोळा होऊन पाठलागाला लागणार. म्हणून घराला महिनोन् महिने टिकून राहायची गरजच नव्हती. एखादी रात्र निभावली की झालं. मनोऱ्याभोवती दगडी आवार असे. धोका दिसला की गुरं त्या आवारात आणि माणसं मनोऱ्यात. आज ही आवारं बहुतेक ठिकाणी नाहीशी झाली आहेत, त्यामुळे मनोरे माळावर एकटेच टाकून दिल्यासारखे दिसतात. तेव्हा त्यांच्याभोवती आवार होतं, गवताने शाकारलेली घरं होती, गोठे, भट्ट्या, स्वयंपाकघरं होती.

दारातून आत

साधारण टॉवर हाऊसमध्ये शिरूया. दार एकच, अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असं. त्या लाकडी दाराच्या बाहेरून काही ठिकाणी लोखंडी जाळीचा दरवाजा असे आणि त्याची साखळी भिंतीतल्या भोकातून आत ओढून पक्की करत, म्हणजे बाहेरून ती सोडवण्याची सोयच नाही. दार फोडून आत आलात तर समोर मोकळी जागा मिळत नाही. तुम्ही एका कोंदट चौकोनात उभे असता. समोर एक दार, डावीकडे एक, उजवीकडे एक, तिन्ही बंद. आणि डोक्यावर छतात एक भोक. वरच्या मजल्यावरचा माणूस त्या भोकातून खाली दगड टाकू शकतो, भाला खुपसू शकतो किंवा बाण मारू शकतो. तो तुम्हाला पाहतो, तुम्हाला मात्र तो धड दिसतही नाही. गच्चीच्या कठड्यालाही दाराच्या बरोबर वर, भिंतीबाहेर आलेला एक दगडी सज्जा असतो. त्याच्या तळाला फट ठेवलेली. म्हणजे दार फोडायला उभा राहिलेला माणूस आधीच वरून माऱ्यात.

तळमजल्यावर कोठी. उजेडासाठी भिंतीत बोटभर चिरा, बस. भिंती खाली खूप जाड आणि पायाशी बाहेरच्या अंगाला तिरक्या पसरलेल्या. जिना बहुधा भिंतीच्याच पोटातून गोल गोल चढतो. मार्गदर्शक हमखास सांगतात की जिना उजवीकडे वळत चढतो, कारण खालून येणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात भिंतीला अडतो. मला हे पटत नाही. उलट्या दिशेने वळणारे जिनेही आयर्लंडमध्ये भरपूर आहेत, आणि शत्रू जिन्यापर्यंत पोचला म्हणजे खरी लढाई आधीच हरलेली असायची. जिना कुठे आणि कसा बसवायचा हे गवंडी दार आणि खोल्यांची जागा पाहून ठरवत असणार.

मधल्या मजल्यांपैकी एकाला दगडी घुमटी छत असतं, बाकीचे मजले लाकडी. यामागे आगीचा विचार आहे. खाली कोठीत आग लागली किंवा कोणी लावली तरी ती दगडी छतापाशी थांबते आणि वर राहणारी माणसं वाचतात. आता या छताखाली उभं राहून वर बघा. आयरिश टॉवर हाऊसमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट इथे आहे. बहुतेक ठिकाणी त्या चुन्यात चटईसारखी वीण उमटलेली दिसते. छत बांधताना आधी लाकडाचा आधार उभा करत, त्यावर वेत-फोकांच्या विणलेल्या चटया वाकवून पसरत, वर चुना ओतत आणि त्यात दगड बसवत. चुना घट्ट झाला की खालचा आधार काढून घेत. चटया गेल्या पण त्यांची वीण चुन्यात राहिली, कुठे कुठे तर फोकाचे तुकडेही चिकटून राहिले. पाचशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने विणलेल्या एकेका काडीचा ठसा तिथे मोजता येतो. घराण्यांची नावं इतिहासात उरली, या विणकरांची नाही. पण त्यांचं काम मालकांच्या कामापेक्षा स्पष्ट वाचता येतं.

जसजसं वर चढावं तसतशा खिडक्या मोठ्या होत जातात. वर शत्रूचा हात पोचत नाही, म्हणून तिथे उजेडाला वाट देता येते. खिडक्यांना काच क्वचित, लाकडी झडपा असत. खिडकीच्या खोबणीत दोन्ही बाजूंना दगडी बैठका, म्हणजे शिवणटिपण, गप्पा, वाचन उजेडात व्हावं. भिंतीच्या जाडीत शौचकूप, त्याची मोरी सरळ खाली भिंतीबाहेर. आणि सगळ्यात वर दिवाणखाना. तिथे पंगती उठत, कवी घराण्याची वंशावळ गात, वीणेसारखं वाद्य हार्प वाजे, न्यायनिवाडे होत. आयरिश नायकाची पत त्याच्या दारी किती माणसं जेवतात यावर ठरे. पाहुण्याला परत पाठवणं ही मोठी बदनामी. म्हणून या इमारतीत दोन उलट्या इच्छा एकावर एक रचल्या आहेत: खाली कोणी आत येऊ नये याची सारी तजवीज, आणि वर सगळ्यांनी यावं याची.

बनरॅटीत हेच मोठ्या मापात दिसतं. मधल्या भागात खाली दगडी छताची पहारेकऱ्यांची दालनं, तिथे शिपाई आणि नोकरचाकर जेवत-झोपत. त्याच्या वर उंच छताचा मोठा दिवाणखाना. कोपऱ्यांच्या मनोऱ्यांत निजायच्या खोल्या, प्रार्थनेची खोली, घरच्यांची खासगी दालनं. एका मनोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर बरेचदा खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. राहायला ही घरं सोयीची नव्हती. थंडी, धूर आणि पायऱ्या या तिघांशी रोजची गाठ.

राजा झाला अर्ल

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बनरॅटी मॅकनमारांकडून ओ'ब्रायनांकडे गेला. पुढची मोठी घडामोड लढाईने नाही, कागदाने झाली. आठव्या हेन्रीने आयरिश नायकांपुढे एक तोडगा ठेवला. तुम्ही तुमची जमीन मला अर्पण करा, इंग्रजी कायदा आणि माझं राज्य मान्य करा. मी तीच जमीन तुम्हाला इंग्रजी किताबासह परत देतो. १५४३ मध्ये म्युरो ओ'ब्रायन, थॉमंडचा शेवटचा राजा, ग्रिनिचला गेला आणि थॉमंडचा पहिला अर्ल होऊन परतला.

वरवर पाहता त्याच्याकडून काहीच गेलं नाही. पण आयरिश रिवाजात जमीन भाऊबंदांच्या कुळाची आणि नायक त्यांच्यातून निवडलेला. इंग्रजी कायद्यात जमीन एका माणसाची आणि त्याच्यामागे थोरल्या मुलाची. हा बदल एका सहीत झाला आणि बाकी सारे भाऊबंद आपल्याच जमिनीत उपरे ठरले. पुढची दोन-तीन पिढ्या क्लेअरमध्ये जी भांडणं झाली त्यांच्या मुळाशी हेच आहे.

चौथा अर्ल डोनो ओ'ब्रायन (मृत्यू १६२४) इंग्लंडच्या राणीशी एकनिष्ठ राहिला आणि त्याने बनरॅटीला आपलं मुख्य ठाणं केलं. त्याच्या काळात घरावर शिशाचं छप्पर आलं, भिंतींवर गिलाव्याची नक्षी आली, भोवती बागा आणि हरणांसाठी राखलेलं रान आलं. १६४६ मध्ये पोपचा वकील रिनुच्चिनी इथे आला तेव्हा त्याच्या ताफ्यातून इटलीला गेलेल्या पत्रात इथली तळी आणि तीन हजार हरणं यांची तोंड भरून स्तुती आहे. इटलीच्या माणसाने असं लिहावं म्हणजे घर खरोखर पाहण्यासारखं असणार.

पण तोवर वेळ बदलली होती. १६४१ पासून आयर्लंड पेटलेलं होतं आणि इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध चाललं होतं. सहावा अर्ल बार्नबस ओ'ब्रायन कॅथलिक संघाशीही, म्हणजे बंड केलेल्या आयरिश कॅथलिकांच्या युतीशीही, नीट मिळेना, राजाशीही उघड उभा राहीना. १६४६ च्या वसंतात त्याने पार्लमेंटच्या फौजेला बनरॅटीत घेतलं आणि स्वतः इंग्लंडला निघून गेला. खाडीत पार्लमेंटची जहाजं उभी राहिली. त्यांचा प्रमुख विल्यम पेन, ज्याच्या मुलाने पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवलं. कॅथलिक संघाच्या सैन्याने तोफा आणून वेढा घातला. आतला सेनानी मॅक-ॲडम तोफगोळ्याने मारला गेला आणि जुलैमध्ये बनरॅटी पडला. शेजाऱ्यांच्या धाडी दोनशे वर्षं झेलणारं घर तोफांपुढे काही आठवडे टिकलं. गुरं पळवणाऱ्यांसाठी बांधलेल्या भिंतीकडून याहून जास्त मागणं अन्यायाचं आहे.

हा बदल एका नजरेत पाहायचा असेल तर बनरॅटीपेक्षा त्याच काउंटीतलं लेमेने जास्त बोलकं आहे. उजवीकडे १४८० च्या सुमाराचा ओ'ब्रायनांचा मनोरा, चिरांसारख्या खिडक्यांचा. त्याला लागूनच १६४० च्या दशकात कॉनर ओ'ब्रायन आणि त्याची बायको मॉयरा रुआ यांनी बांधलेला चार मजली वाडा, ओळीने मोठमोठ्या खिडक्या असलेला. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या. वाडा बांधणाऱ्यांना वाटलं असणार, आता कायद्याचं राज्य आलं, उजेडात राहायला हरकत नाही. १६५१ मध्ये कॉनर पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या फौजेशी लढताना मेला. विधवा मॉयराने क्रॉमवेलच्याच फौजेतल्या एका अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मुलाची जमीन वाचवली. तिच्याबद्दल क्लेअरमध्ये क्रूरपणाच्या भयंकर दंतकथा सांगतात. मला त्यात दिसते ती एक बाई, जिला कळलं होतं की आता जमीन मनोऱ्याने नाही, कचेरीतल्या कागदाने टिकणार आहे.

ते खरंच होतं. क्रॉमवेलच्या विजयानंतर आयर्लंडमधली जमीन प्रचंड प्रमाणात जप्त होऊन नव्या मालकांना वाटली गेली. टॉवर हाऊस बांधणं थांबलं ते कायमचं. काही सुरुंगाने फोडली, काहींचे दगड लोकांनी घरांना नेले, काहींत गुरं बांधली गेली.

बनरॅटी तसा नशिबवान. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओ'ब्रायनांनी तो विकला आणि थोड्याच वर्षांत तो स्टडर्ट घराण्याकडे आला. त्यांनी तिथे काही पिढ्या काढल्या आणि १८०४ च्या सुमारास जवळच सुटसुटीत, हवेशीर घर बांधून ते राहायला गेले. मग मनोऱ्यात काही काळ पोलिसांचं ठाणं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिवाणखान्याचं छप्पर कोसळलं.

१९५४ मध्ये लॉर्ड गॉर्ट यांनी हा पडका मनोरा विकत घेतला. सरकारी बांधकाम खात्याच्या मदतीने आणि जुन्या वस्तूंचे जाणकार जॉन हंट यांच्या सल्ल्याने दुरुस्ती झाली आणि १९६० मध्ये तो लोकांसाठी उघडला. छप्पर नव्याने बांधताना डब्लिनजवळच्या डनसॉक्ली कॅसलचं ओकचं छप्पर नमुना म्हणून घेतलं, कारण तिथलं मूळचं मध्ययुगीन छप्पर शाबूत राहिलेलं होतं. आत मांडलेलं सामान गॉर्ट यांनी युरोपभरातून जमवलेलं आहे, पंधराव्या-सोळाव्या शतकातलं आणि अस्सल. पण मॅकनमारांच्या किंवा ओ'ब्रायनांच्या घरातलं ते नाही. पाहताना हा फरक लक्षात असू द्यावा. भिंती इथल्या, छप्पर दुसऱ्या कॅसलच्या नमुन्यावर बेतलेलं, खुर्च्या-पडदे आणखी कुठले. १९६३ पासून इथे संध्याकाळी मध्ययुगीन थाटाच्या मेजवान्या होतात. काही जाणकारांना तो तमाशा वाटतो. मला वाटत नाही. वरच्या मजल्यावर अनोळखी माणसांना जेवू घालण्यासाठीच ती इमारत बांधली होती.

बनरॅटी पाहायला गेलात तर एक दिवस जास्तीचा ठेवा आणि क्लेअर-गॉलवेतला एखादा न सजवलेला मनोराही पाहा. गॉलवे काउंटीत ओ'फ्लाहर्टींचा ऑघ्नानूर सरकारी देखरेखीखाली आहे आणि आत जाता येतं. आवाराची भिंतही तिथे बऱ्यापैकी शिल्लक आहे. लेमेने खासगी शेतात आहे, ते रस्त्यावरूनच पाहावं लागतं, पण मनोरा आणि वाडा यांचा जोड तिथूनही स्पष्ट दिसतो. आत जाता येईल तिथे टॉर्च जवळ ठेवा आणि दगडी छतावर तिरका उजेड टाका. चुन्यातली वीण समोरून टाकलेल्या उजेडात दिसत नाही.